डिपॉझिट अडकलंय? आधी हिशेब मागा, पैसे नंतर

खोली सोडून सात आठवडे झाले होते. तेवढ्यात मी घरमालकांना अकरा वेळा विचारलं होतं, "काका, डिपॉझिटचं काय झालं?" आणि अकरा वेळा वेगळं उत्तर ऐकलं होतं. बँकेचं काम अडलंय. बाहेरगावी आलोय. रंगाऱ्याचं बिल येऊ दे. सोमवारी बघू. बाराव्या वेळी मी पैसे मागितलेच नाहीत. "डिपॉझिटमधून कशाचे किती कापणार आहात ते लिहून पाठवा, सोबत बिलं जोडा," एवढंच लिहिलं. चार दिवसांत यादी आली. यादी निम्म्याहून जास्त भंपक होती, पण भांडायला निदान काहीतरी हातात आलं. "बघू" या शब्दाशी कसं भांडणार?

डिपॉझिट म्हणजे घरमालकाची कमाई नाही. पैसे तुमचेच, फक्त त्याच्याकडे ठेवलेले. त्यातून काही कापायचं तर का कापलं हे त्याने दाखवायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की आवाजातली अजीजी आपोआप जाते.

पहिल्यांदाच घराबाहेर राहायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. कायदे जागोजागी वेगळे आहेत, म्हणून जिथला नियम सांगतोय तिथलं नाव घातलंय. बाकीचं कुठेही चालेल. ज्यांचं डिपॉझिट आत्ताच अडकलंय त्यांनी सरळ पायरी ७ गाठावी. पायरी २ वाचून आता फक्त चुटपुट लागेल.

हाताशी काय काय हवं

- सही झालेला भाडेकरार, सगळ्या पानांसकट. हरवतं ते नेमकं शेवटचं परिशिष्ट, आणि घरातल्या वस्तूंची यादी असते त्यातच.
- डिपॉझिट दिल्याचा पुरावा: बँकेचं स्टेटमेंट किंवा सहीची पावती
- ताबा घेतला त्या दिवसाचे आणि सोडला त्या दिवसाचे फोटो, व्हिडिओ
- घरमालक किंवा एजंटशी झालेले सगळे चॅट आणि ईमेल
- भाडं आणि वीज-पाण्याची शेवटची बिलं भरल्याच्या पावत्या
- किल्ल्या परत दिल्याची पोच
- एका पानावर तारीखवार घटनाक्रम. हा तुम्हीच लिहायचा, आणि आठवतंय तोवर लिहायचा.

## १. पैसे कोणाच्या हातात जातायत ते बघा

करारावर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात डिपॉझिट जायला हवं. एजंट म्हणतो, "माझ्या नंबरवर टाका, मी साहेबांना देतो." टाकू नका. कधी समोरचा माणूस मालक नसतोच; तोही भाडेकरू असतो आणि मालकाला न सांगता खोली पुढे देत असतो. अशा वेळी वर्षभराने मालक सरळ म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही. घर न बघता, नुसत्या फोटोंवर "आज टोकन टाकलं नाही तर खोली जाईल" असं कोणी म्हणालं तर खोली जाऊ द्या.

पैसे बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात "डिपॉझिट" हा शब्द लिहा. आमच्यातल्या एकाने शेऱ्यात नुसतं "रूम" लिहिलं होतं. वर्षभराने ते डिपॉझिट होतं की आगाऊ भाडं, यावर अर्धा तास वाद झाला. रोख द्यावंच लागलं तर तिथल्या तिथे रक्कम, तारीख आणि कारण लिहिलेली, सही केलेली पावती घ्या.

सगळ्यात वाईट सापळा वेगळाच आहे. "करारात कमी दाखवू, वरचे रोख द्या." करारात न आलेली रक्कम परत मागायची वेळ येते तेव्हा ती कधी दिलीच नव्हती, असं होऊन बसतं. आम्ही यातून वाचलो, पण हुशारीने नाही. आमच्याकडे तेवढी रोख नव्हती म्हणून.

डिपॉझिट किती मागता येतं याला अनेक ठिकाणी मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं. जर्मनीत तीन महिन्यांचं मूळ भाडं, आणि तेही तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तर तोडफोडीपोटी डिपॉझिट घेताच येत नाही; फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं. भारतात २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. त्यामुळे "केंद्राचा कायदा आहे" असं घरमालकाला ठणकावून सांगण्याआधी आपल्या राज्याचं बघून घ्या.

डिपॉझिट कुठे ठेवतात हेही विचारा. इंग्लंडमध्ये नेहमीच्या खाजगी भाडेकरारात घरमालकाला ते मिळाल्यापासून ३० दिवसांत तीन मान्य योजनांपैकी एकीत नोंदवावंच लागतं. त्या तीन म्हणजे डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. नोंदलंय की नाही हे त्यांच्या संकेतस्थळांवर तुम्हीच तपासू शकता. नोंदलं नसेल तर न्यायालय डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. मात्र घरमालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहत असाल, किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहात असाल, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये डिपॉझिटला बॉण्ड म्हणतात, तो चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त नसतो आणि सरकारकडे जमा होतो. न्यूझीलंडमध्येही घरमालकाने २३ कामाच्या दिवसांत तो सरकारकडे भरायचा असतो.

महाराष्ट्रात अशी तिजोरी नाही. पैसे थेट मालकाकडे जातात. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ लक्षात ठेवा. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणीच नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. "नोंदणी कशाला, साधा कागद करू" म्हणणाऱ्या मालकाला हे बहुधा माहीत नसतं.

## २. सामान आत नेण्याआधी व्हिडिओ काढा

सगळ्या लेखातून एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

आम्ही आत आलो त्या संध्याकाळी मी आईला घर दाखवायला एक व्हिडिओ केला. पावणेदोन मिनिटांचा, हलता, मागे मित्राची बडबड. त्यात न्हाणीघरात शिरताना दोन सेकंद बेसिन दिसतं, आणि त्याच्या डाव्या कडेपासून नळाकडे गेलेली केसासारखी चीर दिसते. वर्षभर ती चीर आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आली नाही. सोडताना मात्र ती "तुम्ही पाडलेली भेग" झाली आणि अख्ख्या नव्या बेसिनची किंमत यादीत आली. माझा फोन मध्यंतरी बदलला होता, मूळ व्हिडिओ गेला होता. आईने तो जपून ठेवला होता, घर आवडलं म्हणून नव्हे, मी त्यात दिसतो म्हणून.

नशिबावर विसंबू नका. नीट असं करा:

दारापासून सुरू करा आणि मध्ये न थांबवता अख्खं घर फिरा. सुरुवातीला तारीख मोठ्याने बोला. प्रत्येक नळ सोडून दाखवा, फ्लश करा, दिवे-पंखे लावा. कपाटं आतून, गादी उलटून, दारांच्या मागच्या बाजू, खिडक्यांच्या कड्या, फ्रीजचं रबर, ओट्याखालचा पाइप. भिंतीला ओल असेल तर जवळून दाखवा, शेजारी हात धरा म्हणजे डाग केवढा ते कळतं. शेवटी विजेच्या मीटरचा आकडा.

मग त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा: "आज ताबा घेतला. घराची स्थिती सोबतच्या व्हिडिओत आणि फोटोंत आहे. बेसिनला चीर आहे, मागच्या खिडकीची कडी लागत नाही. काही चुकीचं वाटल्यास कळवावं." उत्तर नाही आलं तरी चालेल. तुमच्या फोनमध्ये पडलेल्या व्हिडिओवर "नंतर काढला असेल" असं म्हणता येतं. पहिल्या दिवशी गेलेल्या ईमेलवर तसं म्हणणं जड जातं.

चॅटवरून पाठवलेले फोटो दबले जातात आणि त्यांच्यातली मूळ माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. भारतात प्रकरण न्यायालयात गेलंच तर चॅट आणि फोटोंसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणजे ज्या फोनवर ते चॅट आहेत तो विकून टाकू नका, आणि चॅट साफ करू नका.

घरमालकाने वस्तूंची यादी दिली तर वाचूनच सही करा. "सर्व सुस्थितीत" असं छापलेलं असेल तर त्याच्याशेजारी पेनाने "बेसिनला चीर सोडून" असं लिहा आणि मग सही करा. त्याला राग येत नाही. आला तर पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

## ३. राहत असताना काही बिघडलं तर लिहून कळवा

नळ गळतोय, छतातून पाणी येतंय, गीझर चालत नाही: फोनवर सांगून झालं तरी पाठोपाठ एक मेसेज टाका. न कळवलेल्या गळतीने लाकूड फुगलं तर ते तुमच्या निष्काळजीपणात धरलं जातं. कळवूनही दुरुस्त केलं नसेल तर दोष त्याचा. स्वतः दुरुस्ती केलीत तर आधी लेखी हो घ्या आणि बिल ठेवा.

## ४. मध्येच रूममेट बदलला तर डिपॉझिटचं काय?

विद्यार्थ्यांच्या घरात खरा घोळ इथे होतो, आणि यात घरमालकाचा दोष कमी असतो.

आम्ही तिघे होतो. पाच महिन्यांनी एकाला इंटर्नशिप लागली, तो गेला. त्याच्या जागी आलेल्याने डिपॉझिटचा तिसरा हिस्सा घरमालकाला न देता जाणाऱ्यालाच दिला. आम्हाला ते सोयीचं वाटलं, मालकालाही. वर्षअखेरीला मालक म्हणाला, "माझ्याकडे पैसे ज्याने दिले त्याला मी परत देणार." म्हणजे जो सात महिन्यांपूर्वी स्वतःचा हिस्सा घेऊन मोकळा झाला होता त्याला! तो मित्र सज्जन निघाला म्हणून निभावलं. सगळ्यांचे मित्र तसे नसतात.

दुसरी गोष्ट करारातली. "संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारी" असे शब्द असतील तर एकाने भाडं बुडवलं किंवा दार फोडलं तरी मालक ते सगळ्यांच्या डिपॉझिटमधून, किंवा कोणा एकाकडून पूर्ण, वसूल करू शकतो. "माझ्या खोलीत काहीच झालं नाही" हे तेव्हा उपयोगाचं नसतं. प्रत्येकाचा वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी.

म्हणून रूममेट बदलताना एका पानाचा कागद करा. जाणाऱ्याचं नाव, येणाऱ्याचं नाव, कोणी कोणाला किती दिले, आजपासून डिपॉझिटमधला हा हिस्सा कोणाचा, आणि जाणाऱ्याच्या खोलीत आत्ता कोणतं नुकसान आहे. त्यावर तिघांच्या सह्या आणि घरमालकाची. इंग्लंडमध्ये ज्या योजनेत डिपॉझिट नोंदलंय तिथलं नावही बदलून घ्या.

## ५. सोडणार असल्याची नोटीस लेखी द्या

करारात एक महिना लिहिला असेल तर एक महिना. "परीक्षा संपली की जाणार, हे त्यांना माहीतच आहे" याला नोटीस म्हणत नाहीत. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर काय कापता येईल, किमान इतके महिने राहायलाच हवं अशी अट आहे का, हे आधी वाचा. महिना कुठून मोजायचा तेही. काही करारांत नोटीस फक्त पहिल्या तारखेपासून धरतात, मग ३ तारखेला दिलेली नोटीस जवळजवळ दोन महिन्यांची होते.

आता सगळेच देतात तो सल्ला: "शेवटचं भाडं देऊच नका, डिपॉझिटमधून वळतं करा." मोह कळतो. पण मालकाची लेखी संमती नसेल तर थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि तोवर स्वच्छ असलेली तुमची बाजू मळते. त्याने लेखी हो म्हटलं तर खुशाल करा. उलट अडकून पडण्यापेक्षा ते बरंच.

## ६. शेवटच्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा

पहिल्या दिवशी ज्या क्रमाने फिरलात त्याच क्रमाने फिरा. सामान हलवल्यावर आणि साफसफाई झाल्यावर. मीटरचा आकडा पुन्हा. दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की बरेचसे वाद उभेच राहत नाहीत.

घरमालकाला समोर बोलवा, शक्यतो सोडण्याच्या आठवडाभर आधी. कॅलिफोर्नियात अशी आगाऊ पाहणी मागण्याचा भाडेकरूला हक्कच आहे, म्हणजे दाखवलेल्या गोष्टी स्वतः दुरुस्त करून कपात टाळता येते. जिथे हक्क नाही तिथेही विनंती करायला कोण अडवतंय? भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवणं आपल्याला तासाभराचं काम. त्याच्या यादीत ते "भिंत दुरुस्ती" म्हणून येतं.

किल्ल्या हातात द्या आणि लगेच मेसेज टाका: "आज तीन किल्ल्या परत दिल्या, घर रिकामं केलं." त्यावर त्याचा "ओके" आला की ताबा दिल्याची तारीख पक्की झाली. हे न केल्यास पुढच्या महिन्याचं भाडंही मागितलं जाऊ शकतं.

त्याच मेसेजमध्ये तुमचा नवा पत्ता आणि बँकेचा तपशील द्या. टेक्सासमध्ये तर नवा पत्ता लेखी कळवल्याशिवाय डिपॉझिट परत करण्याचं बंधन घरमालकावर येतच नाही. परदेशात शिकत असाल आणि परत निघाला असाल तर तिथलं बँक खातं पैसे येईपर्यंत बंद करू नका. उत्साहाच्या भरात सगळी खाती बंद करून विमानात बसलेले मी पाहिलेत.

"संपूर्ण हिशेब मिटला, कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर पैसे खात्यात दिसेपर्यंत सही करू नका. "सही करा, संध्याकाळी टाकतो" हे वाक्य ऐकलं की पेन खिशात.

## ७. हिशेब मागा, लेखी आणि तारखेसह

ठरलेली मुदत उलटली. आता फोन थांबवा. फोनवर तुम्ही कळवळून बोलता, तो धीर देतो, आणि पुराव्यात काहीच उरत नाही. फोन आलाच तर ठेवल्यावर लिहा: "आत्ता बोललो त्याप्रमाणे तुम्ही १५ तारखेपर्यंत पैसे देणार आहात." तो खोडून काढत नाही तोवर ते तुमच्या बाजूने उभं असतं.

मुदत करारात असते, कायद्यातही असू शकते. न्यूयॉर्कमध्ये घर सोडल्यापासून १४ दिवसांत, कॅलिफोर्नियात २१ दिवसांत कपातींच्या तपशिलासह उरलेले पैसे द्यावे लागतात. टेक्सासमध्ये ३० दिवस. करारात काहीच नसेल तर तुम्हीच वाजवी तारीख द्या. मी चौदा दिवस दिले होते.

पत्र असं, फार तर अर्धं पान:

> माननीय …,
> दि. … च्या करारानुसार मी … या पत्त्यावर राहत होतो. दि. … रोजी … इतकं डिपॉझिट बँकेतून दिलं होतं. दि. … रोजी घर रिकामं करून किल्ल्या परत केल्या. भाडं आणि बिलं पूर्ण भरली आहेत, पावत्या सोबत आहेत.
> डिपॉझिट अद्याप मिळालेलं नाही. त्यातून काही रक्कम कापायची असल्यास प्रत्येक बाबीचं कारण, रक्कम, बिल आणि फोटो दि. … पर्यंत पाठवावेत. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती त्याच तारखेपर्यंत खालील खात्यात जमा करावी.
> या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मी पुढील कायदेशीर मार्ग घेईन.

"ज्या रकमेबद्दल वाद नाही ती" हे वाक्य गाळू नका. बऱ्याचदा भांडण पाव रकमेचं असतं आणि अडकून पडते सगळी.

ईमेलने पाठवा, आणि पोच मिळेल अशा टपालानेही. सूर थंड ठेवा. हे पत्र उद्या तिसरा माणूस वाचणार आहे असं धरून लिहा. शिव्या, "बघून घेईन", घरमालकाचं नाव-पत्ता फोटोसह समाजमाध्यमांवर टाकणं, यातलं काहीही केलंत की विषय डिपॉझिटचा राहत नाही, तुमचा होतो.

## ८. आलेली यादी एकेक ओळ तपासा

आमच्या यादीत पाच बाबी होत्या: रंग, गादी, बेसिन, साफसफाई, ओट्यावरचा डाग. मिळून अख्खं डिपॉझिट, शेवटच्या आकड्यापर्यंत. कपातींची बेरीज डिपॉझिटइतकीच भरते तेव्हा आधी एकूण ठरवून मग ओळी भरल्या असाव्यात अशी शंका घ्यायला हरकत नाही.

वापरून होणारी झीज आणि तुम्ही केलेलं नुकसान, या दोन वेगळ्या गोष्टी. उन्हाने विटलेला रंग, पायवाटेपुरती झिजलेली फरशी, सैल झालेली बिजागरी ही झीज. ती भाड्यातच आली. जळका डाग, फुटलेली काच, दारात पडलेलं भोक हे नुकसान. करारात "रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा" असं स्पष्ट लिहिलं असेल तर वाद अवघड होतो, म्हणूनच ते सही करायच्या आधी बघायचं.

नुकसान खरं असलं तरी जुन्याच्या बदल्यात नवं मागता येत नाही. गादी सहसा आठ वर्षं टिकते असं धरा. आम्ही आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती, सोडली तेव्हा सहा. डाग आमचाच होता, नाकारण्यात अर्थ नव्हता. पण सोडताना त्या गादीचं आयुष्य दोनच वर्षं उरलं होतं, म्हणजे आमच्या माथी फार तर पाव किंमत. मालकाने नव्या गादीची पूर्ण किंमत लावली होती. इंग्लंडच्या डिपॉझिट योजनांतले निवाडेही असंच वय आणि उरलेलं आयुष्य बघून करतात. एका भिंतीवर डाग असेल तर एका भिंतीचा रंग, चारही भिंतींचा नाही.

"अंदाजे खर्च" आणि बिल यांत फरक आहे. बिलावर तारीख बघा, पत्ता बघा. आमच्या रंगाच्या बिलावर दोन घरांचं काम होतं. साफसफाईसाठी आम्ही शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ पाठवला, ती बाब त्याने न बोलता काढली. बेसिन आईच्या फोनमुळे गेलं. ओट्यावर गरम कढई ठेवल्याचा गोल डाग मात्र आमचाच होता, त्याचे पैसे आम्ही दिले. जे खरंच आपलं आहे ते पहिल्याच उत्तरात कबूल करा. बाकीच्या चार ओळींवर तुमचा शब्द त्यामुळे वजनदार होतो.

उत्तर त्याच यादीच्या क्रमाने लिहा: बाब, त्याची रक्कम, मान्य की अमान्य, का, कोणता पुरावा. शेवटी तुमच्या हिशेबाने किती परत यायला हवेत तो एक आकडा.

## ९. तरीही देत नसेल तर कुठे जायचं

आधी कॉलेज किंवा विद्यापीठातलं विद्यार्थी सल्ला केंद्र. बऱ्याच ठिकाणी करार फुकट वाचून देतात, आणि त्यांच्या पत्रावर घरमालक जरा सरळ बसतो.

इंग्लंडमध्ये डिपॉझिट नोंदलेलं असेल तर त्या योजनेकडे मोफत तंटानिवारण मागा. कागदांवरच निर्णय होतो, आणि कपात योग्य आहे हे दाखवायचं ओझं घरमालकावर असतं. न्यूझीलंडमध्ये भाडेकरू न्यायाधिकरण आहे, न्यू साउथ वेल्समध्ये दिवाणी आणि प्रशासकीय न्यायाधिकरण. अमेरिकेत लहान दाव्यांची न्यायालयं असतात; कॅलिफोर्नियात घरमालकाने वाईट हेतूने पैसे दाबले असं ठरलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा दंड होऊ शकतो, टेक्सासमध्ये चुकीने अडवलेल्या रकमेच्या तिप्पट अधिक १०० डॉलर.

भारतात क्रम साधारण असा: आधी वकिलाची नोटीस, मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि शेवटी दिवाणी दावा. बऱ्याच भांडणांचा शेवट नोटिशीतच होतो. विधी सेवा प्राधिकरण १९८७ च्या कायद्याने चालतं. तिथे दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि तिच्यावर अपील नसतं, म्हणून सही करताना आकडा नीट बघा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. पैशाच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षं. "डिग्री झाली की बघू" म्हणत तेवढी सहज निघून जातात.

पोलिसांकडे जायचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. डिपॉझिटचा वाद दिवाणी आहे असं सांगून ते बहुतेक वेळा परत पाठवतात, आणि चुकीचं सांगत नाहीत. पण ज्याने पैसे घेतले तो मालकच नव्हता, किंवा एकच खोली चौघांना "देऊन" चौघांकडून डिपॉझिट उकळलं, तर ती फसवणूक. तिथे तक्रार नक्की करा.

## १०. तडजोड करताना

किती कमी घेऊन मिटवायचं हे आधी आपसात ठरवा, फोनवर नाही. वेळ, खेटे आणि वकिलाची फी यांचा हिशेब घातला तर थोडी रक्कम सोडून मोकळं होणं कधीकधी परवडतं. आम्ही रंगाच्या निम्म्या रकमेवर मिटवलं. माझ्या मते तीही द्यायला नको होती, पण तिघांपैकी दोघांना गावी जायचं होतं आणि मी एकटा पडलो.

ठरलेला आकडा आणि तारीख लेखी घ्या. हप्त्यांत देणार असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख. चेक दिला तर तो वटेपर्यंत मूळ पावती परत करू नका. पैसे आल्यावर "इतके मिळाले" असा मेसेज आपणही करा, त्यालाही पुरावा हवा असतो.

मग आपसातली वाटणी. गादीचा डाग माझ्या खोलीतला, तो माझ्या हिश्श्यातून गेला. ओट्याचा तिघांत. सोडून गेलेल्या मित्राच्या खात्यात मालकाने त्याच्या नावाचा हिस्सा टाकला, त्याने तो त्याच रात्री पुढे पाठवला, आणि शेऱ्यात या वेळी पूर्ण लिहिलं: "डिपॉझिट, तिसरा हिस्सा, बेसिन वगळून."